फक्त बोर्ड पोचवायला

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठं काम हातात घेतलं की लेखी नोंद हवी. शिरोली एमआयडीसीत सत्तावीस वर्षं पॅटर्न शॉप चालवतोय, फौंड्रीवाल्यांना ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, करून देतो. ड्रॉइंग समोर असल्याशिवाय लाकडाला करवत लावलेली नाही. हेही काम तसंच होणार.

काम: क्रांतीचं सर्फबोर्ड तिला नेऊन देणे.

क्रांती माझी मुलगी. एकुलती एक. हे लिहायची गरज नव्हती, मला माहीत आहे. ती मुल्कीला असते, उडुपीच्या पुढं, समुद्राकाठी. इथून चारशे ऐंशी किलोमीटर. शेवटची घरी आली ती दिवाळी २०२२ ला, कुणाच्या तरी जीपवर बोर्ड टाकून. नऊ फुटी. आत फोम, वरनं फायबरचं कवच, वजन फक्त सात किलो. लाटेवर उभं राहायची फळी. मीच घेऊन दिली होती, एकविसाव्या वाढदिवसाला. जाताना म्हणाली, असू दे इथं, परत येणारच हाय की. मग फेब्रुवारीत तिकडनं फोन आला की पप्पा, श्रीशैलशी लग्न केलं, रजिस्टर. मी म्हणालो, फोन ठेव. तिनं ठेवला. तेव्हापासून ठेवलेलाच आहे.

बोर्ड आमच्या मागच्या खोलीत उभं आहे. त्यावर टॉवेल वाळत असतात. हे योग्य नाही. ज्याची वस्तू त्याला पोचवावी.

आता दुसरी बाजू. आज सकाळी बायकोनं, पूर्णिमानं, पोहे देता देता सांगितलं की क्रांतीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्यात आणतात, आठव्यात हलवत नाहीत. भाऊ असता तर मुराळी म्हणून तो गेला असता आणायला. म्हणाली, आता तुमी न्हाय तर दुसरं कोन हाय? मी म्हणालो, जिला लग्नाला बाप लागला नाही तिला आणायला बाप कशाला लागतो. पूर्णिमा बशी उचलून आत गेली. माझी बशी. अर्धे पोहे शिल्लक होते.

तेव्हा हे लेखी असू दे. मी फक्त बोर्ड पोचवायला जाणार. येताना गाडी रिकामी असेल, कुणाला बसायचं असलं तर मी नको म्हणणार नाही. एवढंच.

निघण्याची तारीख: २६ ऑक्टोबर. दिवाळी झाली की लगेच. फायनल.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
पूर्णिमाला बोर्डाचा प्लॅन सांगितला. म्हणाली, फळी नेऊन दिलासा की तिला परत यायचं निमित्त पन सपलं. बायकांना इंजिनिअरिंग समजत नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार
टपावरचा रॅक. लक्ष्मीपुरीत रेडिमेड बघितला. ॲल्युमिनियमचा, हातानं हलतो. असल्या वस्तूवर क्रांतीचं बोर्ड ठेवायचं म्हणजे आलं नशिबाला.

स्वतः डिझाइन केला. चाळीस बाय चाळीसचा लोखंडी अँगल, चार पाय, मधे तीन आडवे. शेजारच्या गाळ्यात केरबा वेल्डर आहे, साठी उलटलेला, मला मालक म्हणतो पण ऐकत कधीच नाही. ड्रॉइंग बघून म्हणाला, मालक, फळी सात किलोची हाय म्हंतासा आनि रॅक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा करालासा. त्याला फॅक्टर ऑफ सेफ्टी समजावला. तो तंबाखू मळत राहिला.

संध्याकाळी यूट्यूबवर एक व्हिडिओ बघितला. ऑस्ट्रेलियाचा पोरगा. म्हणे बोर्ड पालथं ठेवा, शेपटाकडचे पंख वर आणि गाडीच्या पुढच्या बाजूला, खाली मऊ स्पंज, आणि पट्टा हातानं ओढून बसेल इतकाच. ट्रकचे रॅचेटवाले, एकेक दात आवळत जायचे पट्टे अजिबात नकोत. या मुलानं जन्मात दोन टनाचं कास्टिंग ट्रकवर चढवलेलं नाही. आवळलेला माल सुटत नाही, हे पुणे-बंगळूर रोडवरच्या कुणालाही विचारा.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी
रॅक तयार. वजन बासष्ट किलो. टपावर चढवायला चार माणसं लागली. गाडी दोन इंच खाली बसली, पण बसली ती भक्कम बसली. केरबानं हळदकुंकू लावलं, लिंबूमिरची बांधली आणि नारळ रॅकवरच फोडला. रॅकला ओरखडा नाही. नारळाचं पाणी काचेवरनं ओघळत बॉनेटवर. शुभ.

२० ऑक्टोबर, सोमवार. पहाटे
अभ्यंगस्नान. पूर्णिमानं माझ्या डोक्यावर तेल घातलं आणि चोळलं.

क्रांतीच्या डोक्याला तेल मी लावायचो. एरवीही, नुसतं दिवाळीला नाही. तलावातल्या क्लोरीननं तिचे केस काथ्यासारखे व्हायचे. आठ वर्षांची असल्यापासून रोज पाचला स्कूटरवरनं पोहायला न्यायचो. मी काठावर स्टॉपवॉच आणि टॉवेल घेऊन उभा. ती वर आली की आधी मला विचारायची, पप्पा, किती? मी आकडा सांगायचो. बारा वर्षं आमचं बोलणं म्हणजे बहुतेक आकडेच. पण ते रोज होतं.

विषय भरकटला. आज बेल्ट आणायचे होते, दुकानं बंद.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा
ट्रायल घेतली. बोर्ड चढवून पेठेत एक फेरी. निरीक्षणं:
चहाच्या टपरीवर गर्दी झाली. इस्त्रीचं टेबल काय, असं एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, न्हाय, ह्येंच्या पोरीचं विमान हाय. लोक हसले. मीही हसलो.

बोर्डाचं टोक गाडीच्या पुढं दीड फूट येतं, हे ड्रॉइंगमध्ये धरलं होतं. तालमीसमोर गल्लीत आडवा लावलेला आकाशकंदील मात्र ड्रॉइंगमध्ये नव्हता. तो टोकाला अडकून माझ्याबरोबर पुढच्या चौकापर्यंत आला. तालमीतले तिघे मागं धावत आले. म्हणाले, दादा, तुमी जावा, कंदील तेवढा ठेवून जावा. सभ्य पोरं आहेत.

बोर्डाला काही झालं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार
निघालो नाही. कारण तांत्रिक. काल हायवेवर कळलं, साठच्या वर गेलो की पट्टे भूं-भूं असा आवाज करतात. तावडे हॉटेलपाशी ट्रॅफिक हवालदारानं थांबवून विचारलं, पावणं, गाडीत कोन अडाकलंय? आवाजाची तपासणी केल्याशिवाय चारशे ऐंशी किलोमीटर जाणं बेजबाबदारपणा.

पूर्णिमा चारपासून उठून दशमी करत होती. प्रवासासाठी. मी उठलो तेव्हा डबा बांधून ओट्यावर होता. तो आम्ही दोघांनी दुपारी घरीच खाल्ला.

नवी तारीख: २ नोव्हेंबर.

३० ऑक्टोबर, गुरुवार
भूं-भूं बंद. पट्ट्याला मधे एक पीळ दिला की वारा कापला जातो. हे मी शोधून काढलं. नंतर कळलं, ऑस्ट्रेलियाच्या पोरानंही सांगितलं होतं, व्हिडिओच्या शेवटी. मी शेवटपर्यंत बघितला नव्हता.

२ नोव्हेंबर, रविवार
निघालो नाही. काल बोर्ड चढवून गाडी शॉपच्या बाहेर उन्हात ठेवली होती. बोर्डावर पाय घसरू नये म्हणून मेण चोपडलेलं असतं, ते वितळून काचेवर. वायपर मारला, तर सगळी काच पांढरी. केरबानं रॉकेल आणि बोळा घेऊन पुसली. पुसताना विचारलं, मालक, जायाचं हाय का न्हाय तुमास्नी? मी म्हणालो, मेणाचा प्रश्न सुटल्यावर.

मेणावर तिच्या पायाचे ठसे होते. तळव्याचा एक आणि अंगठ्याचा अर्धा. तीन वर्षं होते. ते गेले.

नवी तारीख: ९ नोव्हेंबर. आता काही राहिलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
पूर्णिमानं मागची खोली रंगवून घेतली. मच्छरदाणी लावली. जुनी सुती लुगडी धुऊन फाडली, दुपट्यांसाठी. माझं एक धोतरही फाडलं. विचारलं नाही. आजच्या दिवसाची एवढीच नोंद.

८ नोव्हेंबर, शनिवार
शॉपच्या लँडलाइनवरनं मुल्कीला फोन लावला. उद्या पोचणार तर पत्ता नीट विचारून घ्यावा, श्रीशैलला, एवढाच उद्देश. क्रांतीनं उचलला. हॅलो म्हणाली. मागं समुद्राचा आवाज होता, किंवा पंख्याचा. परत हॅलो म्हणाली. मग म्हणाली, कोन हाय? मी ठेवला.

लाइन चांगली आहे, याची खात्री झाली.

९ नोव्हेंबर, रविवार
कणकण आहे. गोळी घेतली. थर्मामीटर म्हणतो अठ्ठ्याण्णव. थर्मामीटर जुना आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आठवा लागला. आठव्यात बाईला हलवत नाहीत, हे पूर्णिमानंच सांगितलं होतं. रीत म्हणजे रीत. म्हणजे आता एकदम नवव्यात. हातात महिना मिळाला. घाईत झालेलं काम मला कधी आवडलेलं नाही.

तसं मी पूर्णिमाला म्हणालो. तिनं कॅलेंडर खिळ्यावरनं काढलं आणि तोंड भिंतीकडं करून परत लावलं. दूधवाल्याचे खाडे आता कुठं लिहायचे माहीत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
घरात शांतता. एकंदर चांगली असते शांतता.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
पूर्णिमा आज बोलली. पंधरा दिवसांनी. ताट वाढता वाढता म्हणाली, तुमास्नी तिचा राग न्हाय. मला वाटतंय राग सरून लई दिस झालं. तुमास्नी आता पयलं कोन बोलायचं ह्येची लाज वाटतीया.

मी म्हणालो, भाजीत मीठ कमी आहे.

कमी नव्हतं.

११ डिसेंबर, गुरुवार
परवा निघतोय. यावेळी नक्की, कारण पूर्णिमानं क्रांतीला फोन करून सांगून टाकलं. मला न विचारता. शनिवारी निघतील म्हणाली. क्रांती काय म्हणाली ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

शिरोलीतनं ट्रकचे दोन रॅचेट बेल्ट आणले. पाच टनाचे.

१३ डिसेंबर, शनिवार. पहाटे चार
केरबा मुद्दाम उठून आलाय. बेल्ट आवळले. ढोल वाजावा तसे वाजतात. शेवटच्या दाताला काहीतरी कडकडलं. केरबा म्हणाला, मालक, सैल करा जरा, फळी वराडली. मी म्हणालो, रॅक आहे तो, बसतोय.

पूर्णिमानं पिशवी दिली. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, डिंकाचे लाडू, मिठात मुरलेल्या कैऱ्या. ती बांगड्यांचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, हळू आना. बोर्ड तर मी नेतोय, आणत नाही, असं सांगणार होतो. सांगितलं नाही.

मागच्या सीटवर उशी ठेवली. माझ्या पाठीसाठी. मी पुढं बसणार आहे, तरी असू दे.

त्याच दिवशी, रात्री आठ, मुल्की, लॉज
पोचलो. चौदा तास. पंचेचाळीसच्या वर गेलो नाही. निपाणीला थांबून बेल्ट एक दात आवळला. बेळगावला एक. यल्लापूरला चहा प्यायलो तेव्हा एक. घाट उतरून अंकोल्याला आलो आणि उजवीकडं एकदम समुद्र दिसला. मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ बसलो. बोर्डापेक्षा तो मोठा आहे, एवढं लक्षात आलं.

त्यांच्या घरी परस्पर गेलो नाही. दिवसभरच्या प्रवासानं अंग आंबलेलं, असं जाणं बरं दिसत नाही. लॉजपासून त्यांचं घर चालत सात मिनिटं. दोनदा चालून बघितलं. घरापाशी गेलो नाही, कोपऱ्यापर्यंत. दिवा चालू होता.

उद्या काय बोलायचं ते ठरवलं आहे. आधी प्रवास कसा झाला. मग रॅक. मग सहज, गाडी रिकामीच चाललीय, असं.

१४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी सहा, कुमठ्याच्या पुढं, गाडीत
सगळं क्रमानं लिहितो.

श्रीशैल बाहेर आला. सावळा, बारीक, उन्हानं केस भुरके झालेले. पाया पडला. मामा म्हणाला. बेल्ट त्यानं सोडले. बोर्ड उतरवलं तर दोन्ही बेल्टांच्या जागी कडा चेपून आत गेलेल्या, आणि पुढच्या बेल्टाखाली या काठापासून त्या काठापर्यंत चीर. फोम दिसत होता. त्यानं चिरेवरनं बोट फिरवलं आणि म्हणाला, असू द्या मामा, व्हतंय दुरुस्त. आणि बोर्ड उचलून चिरेची बाजू भिंतीकडं करून ठेवलं, क्रांती बाहेर यायच्या आत. माणूस वाईट नाही. हे मला पावणेतीन वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं. पूर्णिमानं सांगितलं होतं.

मग क्रांती आली. एक हात कमरेवर. चेहरा भरलाय. चालणं माझ्या आईसारखं झालंय.

तिनं बोर्डाकडं बघितलंच नाही. गाडीकडं बघितलं. काचेतनं मागच्या सीटवर बघितलं, उशी बघितली. मग मला विचारलं, पप्पा, मला न्यायला आलासा?

मी म्हणालो, न्हाय, बोर्ड द्यायला आलतो.

तोंडातनं गेलं. असं का गेलं त्याचा विचार करतोय. मला वाटतं, प्रश्न वेगळा आणि विनंती वेगळी. मला न्या, असं ती म्हणाली असती तर मी लगेच दार उघडलं असतं. तिनं नुसतं विचारलं. विचारलेल्याचं खरं उत्तर दिलं. बोर्ड द्यायलाच गेलो होतो. रोजनिशीत पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे.

ती म्हणाली, बरं. आत या.

त्यांच्या घरात पसारा फार. दारातच भरलेली बॅग, तिला अडखळलो. त्यावर डॉक्टरची फाईल, पाण्याची बाटली, घडी केलेली शाल. कुठं निघालात का, असं विचारणार होतो.

जेवायला श्रीशैलच्या आईनं वाढलं. रत्नव्वा. संकेश्वरकडच्या, मराठी बोलतात, मधे मधे कन्नड. म्हणाल्या, डाक्टरला परवा मुद्दाम इच्यारलं, हळू नेलं तर चालतंय म्हनला, ह्या आठवड्यात तेवढं. मी म्हणालो, हो, माझी गाडी पंचेचाळीसनंच चालते. मग मी रॅकबद्दल बोलायला लागलो. अँगल, वेल्डिंग, फॅक्टर ऑफ सेफ्टी. बहुतेक अर्धा तास बोललो. श्रीशैल मान हलवत होता. रत्नव्वा ताटात भात वाढत होत्या, मी खात होतो. क्रांती माझ्याकडं बघत होती. ती तलावातनं वर यायची तेव्हा अशीच बघायची, आकडा ऐकायला.

पिशवी दिली. हिरवी साडी तिनं मांडीवर घेतली आणि काठावरनं हात फिरवत राहिली.

दोनला निघालो. कुणी थांबा म्हणालं नाही. दोनदा दार उघडून परत लावलं, लॉक नीट बसत नाही म्हणून. ती फाटकात उभी होती. गाडी वळेपर्यंत आरशात होती.

डोळ्यात वारं जाऊन पाणी येतंय, म्हणून थांबलो आहे. काचा वर आहेत.

१५ डिसेंबर, सोमवार
पहाटे तीनला पोचलो. पूर्णिमा जागी होती. गाडीचा आवाज ऐकून दारात आली, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या, उंबऱ्याबाहेर ओवाळून टाकायला. गाडीत वाकून बघितलं. उशी बघितली. मग भाकरतुकडा माझ्यावरनंही नाही, नुसताच रस्त्यावर टाकला, कुत्र्यासाठी. म्हणाली, हातपाय धुवा.

मी तिला सगळं सांगितलं. क्रांतीनं विचारलेलं आणि मी म्हणालेलंही. पूर्णिमा खालीच बसली, पायरीवर. म्हणाली, दोन दिस झालं बॅग भरून बसलीती पोरगी.

मला वाटलं होतं पसारा आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार
पूर्णिमा संध्याकाळच्या बसनं मुल्कीला गेली. एक पिशवी, एक गाठोडं, दुपटी. मी म्हणालो, गाडीनं सोडतो, उद्या सर्व्हिसिंग झालं की. ती म्हणाली, नको. स्टँडवर मी खिडकीपाशी उभा होतो. म्हणाली, गॅस बंद करून झोपत जावा.

तिला रॅक लागला नाही.

२४ डिसेंबर, बुधवार
स्वयंपाक जमायला लागलाय. आज भात फक्त खालनं लागला. संकल्प: रोज सकाळी चालणे, वजन कमी करणे, क्रांतीला फोन करणे. पहिले दोन एक तारखेपासून.

८ जानेवारी २०२६, गुरुवार. सकाळी सव्वाअकरा
पूर्णिमाचा फोन. मुलगी झाली. सकाळी साडेसहाला. दोघी चांगल्या आहेत. वजन तीन किलो शंभर ग्रॅम. मी आकडा परत विचारला आणि लिहून घेतला.

तिनं फोन बाळापाशी धरला. रडण्याचा आवाज आला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, तिकडं हवा कशी आहे.

केरबाला पेढे दिले. त्यानं दोन घेतले आणि विचारलं, मग मालक, कवा निघताय? बारशाला, म्हणालो.

१३ जानेवारी, मंगळवार
तयारी. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे १९ तारखेला. १८ ला पहाटे चारला निघायचं, संध्याकाळी पोचायचं. महाद्वार रोडवर जाऊन कुंची घेतली, जांभळी, मोत्याच्या झालरीची. वाळे घेतले. दुकानदारीण म्हणाली, आजोबा, पयलीच नात व्हय? आजोबा मला कुणी पहिल्यांदाच म्हणालं. मी परत जाऊन झबलंही घेतलं.

बोलावणं अजून आलेलं नाही. येईलच. पूर्णिमा तिथं आहे, तिच्या लक्षात असेलच. आपण होऊन विचारणं बरं दिसत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार
बोलावणं नाही. फोन चार्जिंगला लावूनच ठेवला आहे.

१७ जानेवारी, शनिवार
फोन नाही. शेवटी ठरवलं. बोलावू देत न बोलावू देत, जायचं. असा निर्णय मी आयुष्यात पहिल्यांदा घेतला. जेवण गेलं नाही. बॅग भरून दारात ठेवली आहे.

१८ जानेवारी, रविवार
चारला निघायचं होतं, साडेनऊला निघालो. रॅक उतरवावा म्हणत होतो, पण रविवारी चार माणसं कुठनं आणायची. तसाच घेऊन निघालो, रिकामा.

निपाणीला हायवेवर थांबलो. पोचल्यावर एकदम दारात उभं राहण्यापेक्षा सांगावं, असं वाटलं. क्रांतीच्या नंबरावर फोन लावला. माझ्या स्वतःच्या मोबाइलवरनं. तिनं उचलला आणि लगेच पप्पा म्हणाली. मागं माणसांची गडबड होती, भांडी वाजत होती, कुणीतरी हसत होतं. मी विचारलं, उद्याची तयारी काय?

ती म्हणाली, पप्पा, बारसं झालं की आत्ता, सकाळी नवाला. ह्यांच्यात अकराव्या दिवशी करत्यात.

आपल्यात बाराव्या दिवशी करतात. त्यांच्यात कधी करतात हे मी विचारलंच नव्हतं.

ती म्हणाली, मी आईला म्हटलं हुतं, पप्पास्नी सांग म्हनून. आई म्हनाली, त्येंना यायचं असतं तर त्येंनीच इच्यारलं असतं.

मग तिनं विचारलं, पप्पा, तुमी येताय व्हय?

कुंची शेजारच्या सीटवर होती. बॅग मागं. गाडीचं तोंड मुल्कीकडं होतं. मी म्हणालो, न्हाय गं, सहज केलता फोन.

बरं, म्हणाली. मग नाव सांगितलं. शरयू. मी दोनदा म्हणून बघितलं, चांगलं आहे. बाळ रडायला लागलं आणि तिनं फोन ठेवला.

निपाणीत गाडी वळवायला पुलाखालनं जावं लागतं. दुपारी एकला घरी. बॅग परत दारात ठेवली आहे.

मला जायचं होतं. इथं लिहून ठेवतो, कारण तिला सांगितलेलं नाही.